सनावळीकाका

वरच्या मजल्यावरचे काका कुणाकडेही गेले, की चपला काढून थेट भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे जातात. हात जोडतात, डोळे मिटतात. घरच्यांना वाटतं, केवढा हा जिव्हाळा! मग काका डोळे उघडतात, चष्मा कपाळावर सरकवतात, खिशातून भिंग काढतात आणि फोटोतल्या माणसाच्या मनगटाला नाक लावतात.

"फोटो कधीचा म्हणालात?"

"साठीशांत झाली ना त्यांची, तेव्हाचा. छप्पन साल."

"तसं नसतं ते. हातात एचएमटी आहे. बंगलोरचा घड्याळाचा कारखानाच मुळी १९६१चा. छप्पन साली हे घड्याळ मिळालं कुठून?"

झालं. गेलेल्या माणसाचं वय बसल्या जागी पाच वर्षांनी कमी होतं. कुणीतरी जन्मपत्रिका शोधायला कपाट उघडतं, कुणीतरी नाशिकच्या मावशींना फोन लावतं, आणि चहा येईपर्यंत घरात दोन तट पडलेले असतात. काका मात्र शांतपणे चहात बिस्किट बुडवत बसतात. त्यांच्या दृष्टीने फाईल बंद झालेली असते.

आमच्या सोसायटीत त्यांना सनावळीकाका म्हणतात. शाळेत इतिहासाच्या पेपरात सनावळी आली की आमच्या पोटात गोळा यायचा. काकांना ती दिसली की भूक लागते. नोकरी सगळी भूमी अभिलेख खात्यात गेली. जुने फेरफार, फाटके नकाशे, मयतांच्या नावावरच्या जमिनी आणि त्यांवर भांडणारे जिवंत वारस यांच्यात माणूस छत्तीस वर्षं वावरला, की त्याचा तोंडच्या शब्दावरचा विश्वास उडणारच. निरोप समारंभात सहकाऱ्यांनी भेट म्हणून मनगटी घड्याळ दिलं. सगळे टाळ्या वाजवत होते आणि काका स्टेजवरच ते उलटं करून मागचा नंबर वाचत होते. त्या दिवसापासून त्यांनी जमीन सोडली आणि घड्याळं धरली.

"झाकण म्हणजे घड्याळाचा सात-बारा," असं ते म्हणतात. "वर तबकडीवर काय वाट्टेल ते लिहिलेलं असो. आधी झाकण उघडू, मग बोलू."

हे झाकण उघडणं बघण्यासारखं असतं. आधी साबणाने हात. मग टेबलावर कालचा पेपर, पेपरवर धुतलेला पांढरा रुमाल. फिल्मच्या रोलची जुनी डबी स्क्रू ठेवायला. दाबून बसवलेलं झाकण असेल तर काकूंची बटाटे सोलायची सुरी, आणि आट्याचं असेल तर नातवाचा रबरी चेंडू. चेंडू झाकणावर दाबायचा आणि पिळायचा, की भले भले आटे सुटतात. काकूंच्या घरात सुरी कधी जागेवर नसते आणि नातू सुट्टीत आला की क्रिकेट सुरू व्हायच्या आधी आजोबांचा ड्रॉवर तपासतो. झाकण निघालं, आतलं पितळी मशीन दिसायला लागलं, चक्र इकडून तिकडे झुलायला लागलं, की काकांचा आवाज देवघरात उतरतो. "बोट लावू नकोस. सोवळ्यात आहे ते."

मग पंचनामा. माझ्यासारख्या अडाण्याला ते शिकवतातही, कारण ऐकणारा मिळणं हल्ली दुर्मीळ झालंय. ओमेगा असेल तर नंबर मशीनवर कोरलेला सापडतो. तो १ कोटीच्या घरात असेल तर घड्याळ १९४४च्या आसपासचं, २ कोटींच्या घरात असेल तर साठीतल्या सुरुवातीचं. तबकडीच्या तळाशी 'स्विस मेड'च्या दोन्ही अंगांना बारीक 'टी' असेल तर आकड्यांवर ट्रिटियम आहे, म्हणजे साठच्या दशकाच्या अलीकडे या. त्याआधी रेडियम असायचं. इथे काका थांबतात, कारण ही त्यांची दुखरी नस आहे. "आपल्याकडे अंधारात चमकेल ते सगळं रेडियम! रिक्षाच्या मागे लावतात तेही रेडियम, पोरांच्या खोलीतल्या चांदण्याही रेडियम! अरे, खरं रेडियम अर्धं व्हायला १६०० वर्षं लागतात. त्या जुन्या घड्याळाचे काटे आता चमकत नाहीत, कारण त्यातला चमकणारा रंग जळून गेला. रेडियम अजून जिवंत आहे तिथे." तिसऱ्या मजल्यावरचे नाना वडिलांचं घड्याळ उशीखाली ठेवून झोपायचे. काकांनी हे सांगितल्यापासून ते घड्याळ गॅलरीत झोपतं.

सिकोचं काम सर्वांत सोपं, आणि सर्वांत फसवं. नंबर झाकणाच्या बाहेरच कोरलेला असतो. त्यातलं पहिलं अक्षर सालाचं, दुसरं महिन्याचं. सप्टेंबरपर्यंत आकडे, ऑक्टोबरला 'ओ', नोव्हेंबरला 'एन', डिसेंबरला 'डी'. "पण गंमत अशी," काका बोट वर करतात, "की जपानी माणूस सालाचा फक्त शेवटचा आकडा सांगतो. १ म्हणजे एकसष्ट, एकाहत्तर की एक्याऐंशी, ते तुझं तू ठरव. नाव सांगितलं, आडनाव खाल्लं! मग काय करायचं? कोणतं मशीन आहे तो आकडाही मागेच असतो, त्यावरून दशक काढायचं."

एवढं सगळं झालं की नोंदवही निघते. खात्यातल्यासारखीच, लाल कापडी पाठीची. रकाने काकांनी पट्टीने आखलेले: अनुक्रमांक, घड्याळाचा प्रकार, मालकाचे म्हणणे, प्रत्यक्ष पाहणी, साल, शेरा. 'मालकाचे म्हणणे' हा रकाना सर्वांत रुंद आणि 'शेरा' सर्वांत अरुंद. तरी सगळी मारामारी त्या अरुंद रकान्यात. 'डायल नवी.' 'काटे परके.' 'कथा घड्याळाहून जुनी.'

या रकान्याचा फटका आमच्याही घराला बसला आहे. आमच्या आजोबांचं एक फाव्र-ल्यूबा होतं. त्याची कथा आमच्या घरातल्या प्रत्येक मुलाने वरणभाताबरोबर गिळलेली. आजोबा रेल्वेत होते. त्यांचा गोरा साहेब ४७ साली विलायतेला निघाला, तेव्हा डब्याच्या दारात उभं राहून त्याने स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ काढलं आणि आजोबांच्या हातात ठेवलं. गाडी हलली. साहेबाच्या डोळ्यांत पाणी होतं. काही वर्षांनी आमच्या आत्याच्या सांगण्यात मडमेच्याही डोळ्यांत पाणी आलं.

मी मोठ्या हौसेने ते काकांपुढे ठेवलं. काका खूश. फाव्र-ल्यूबाची १८६५पासून मुंबईत पेढी होती, म्हणजे सत्तावन्नच्या धामधुमीनंतर आठ वर्षांतच स्विस माणूस आपल्याकडे घड्याळं विकायला बसला, हे सगळं सांगून झालं. मग भिंग खाली आलं. बराच वेळ तिथेच राहिलं.

"साहेब कधी गेला म्हणालास?"

"सत्तेचाळीस."

"मग हे त्याने तिकडून पोस्टाने पाठवलं का?"

तळाशी, 'स्विस मेड'च्या दोन्ही बाजूंना, राईएवढे दोन 'टी' होते.

माझी चूक एवढीच, की ही गोष्ट मी गणपतीत, सगळे जमलेले असताना, आरती आणि प्रसाद यांच्या मधल्या वेळात सांगितली. आत्याने मोदक खाली ठेवला. "घड्याळ चुकलं असेल," ती म्हणाली, "बाबा नाही चुकणार." पुढे दोन वर्षं तिने काकांच्या दारावरून जाताना पदर सावरून मान वळवली. काकांच्या वहीत त्या घड्याळापुढे अजून लाल शाईत आहे: 'साहेबाचा संबंध दिसत नाही.'

बुधवार आणि रविवार हे काकांचे वार. या दिवशी पुण्याचा जुना बाजार भरतो. काका सकाळीच पिशवी घेऊन निघतात. पिशवीत भिंग, रुमाल आणि काकूंनी दिलेली भाजीची यादी. भाजी येत नाही. नळाच्या तोट्या, बिजागऱ्या, पितळी कुलपं, मेलेले मोबाईल यांच्या पलीकडे एक घड्याळवाला बसतो. त्याच्या ताडपत्रीवर काकांसाठी उलटा डबा ठेवलेला असतो, बसायला. "या काका, हे बघा जरा." काका बघतात. मनापासून, तळमळीने सगळं सांगतात. वेस्ट एंडचं सोवार प्रायमा आहे, नाव लंडनच्या वस्तीचं, घड्याळ स्वित्झर्लंडचं, आणि खपायचं आपल्याकडे. "आणि सोवार म्हणजे कोण? अहो, आपला स्वार! घोडेस्वार! साहेबाला स्वार म्हणता येईना, सोवार म्हणाला." मशीन अस्सल आहे, तबकडी मूळची आहे, असं घड्याळ हल्ली बघायला मिळत नाही. घड्याळवाला आदराने सगळं ऐकून घेतो.

"कितीला देणार?" काका शेवटी विचारतात.

"तुम्ही यायच्या आधी पाचशेला होतं, काका."

वर्षानुवर्षं हे असंच चाललंय. काका त्याला फुकट शिकवतात आणि त्याच शिक्षणाची फी घड्याळाच्या किमतीत भरतात.

काकांचा पुतण्या न्यू जर्सीत असतो. त्याला एकदा गावाची ओढ लागली आणि त्याने घरबसल्या एक जुनं 'भारतीय' घड्याळ मागवलं. व्हिडिओ कॉलवर त्याने ते दाखवलं तेव्हा मी तिथेच होतो. लग्नाच्या मांडवासारखी भगवी तबकडी, वर हिरवे काटे, मधोमध एका नामांकित स्विस कंपनीचं नाव, पण त्यातलं एक अक्षर शेजारच्या अक्षरावर रेललेलं. काका काही बोलेनात. काकूंनी घाबरून त्यांच्या छातीवर हात ठेवला.

"मशीन साठचं आहे," अखेर ते म्हणाले. "केस कुण्या दुसऱ्याची आहे. डायल गेल्या दिवाळीत रंगवलेली दिसते. काटे कुठून आले ते त्या काट्यांनाच ठाऊक. बारशाला बारा गावचे पाहुणे आले आणि मूलही तेच ठेवून गेले!"

पुतण्या हसला. म्हणाला, "काका, इकडचे शौकीन याला 'मुंबई स्पेशल' म्हणतात."

हे काकांच्या मनाला फार लागलं. एक तर घड्याळ बनावट, आणि वर शिवी आपल्याकडच्या शहराच्या नावाने! दोन दिवस ते अस्वस्थ होते. तिसऱ्या दिवशी मला जिन्यात गाठून म्हणाले, "दुसरी बाजूही बघायला हवी. बाहेरून घड्याळं यायची ती जकात भरून किंवा चोरून. सुटा भाग मिळायचा नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, बंद पडलंय, चालू करून दे. मग त्या कारागिराने करायचं काय? मेलेल्या तीन घड्याळांतून एक जिवंत करायचा तो. डायल काळी पडली की हाताने रंगवायचा. त्याला कुठे ठाऊक, की पुढे कुणी भिंग घेऊन साल बघत बसणार आहे? त्याला माणसाची आठ-पाचची गाडी चुकू द्यायची नव्हती." वहीत त्या घड्याळापुढचा शेरा मी नंतर पाहिला. 'बनावट' लिहून खोडलं होतं. वर लिहिलं होतं: 'संयुक्त कुटुंब.'

काकूंचं या सगळ्याबद्दल स्वतंत्र मत आहे. त्यांच्याकडे लग्नापासून एक एचएमटी सुजाता आहे, बोटभर पट्ट्याचं. त्याला त्यांनी काकांना हात लावू दिलेला नाही. "माझं वय तुम्हाला ठाऊक आहे, तेवढं पुरे," म्हणतात. घरात मिळून चाळीसेक घड्याळं, सगळी किल्लीची किंवा हाताच्या झोक्यावर चालणारी. काका रोज सकाळी पूजेनंतर ओळीने सगळ्यांना किल्ली देतात. कुणी पाच मिनिटं पुढे, कुणी सात मिनिटं मागे. काकूंचा कुकर मात्र मोबाईलवरच्या गजरावर चालतो. "चाळीस जणांना विचारून भात लावायचा, तर करपणारच की हो," असा त्यांचा अनुभव.

हे असं सगळं सुरळीत चाललेलं असताना गेल्या मार्गशीर्षात पलीकडच्या बिल्डिंगमधल्या आजी आल्या. यजमान जाऊन वर्ष झालेलं. हातात पानसुपारीची छोटी चांदीची डबी, डबीत कापूस, कापसात घड्याळ. सिको.

"नातवाची मुंज आहे," त्या म्हणाल्या. "त्याला देणार आहे. तो विचारतो, आजी, हे खरंच तुमच्या लग्नातलं का? सगळे म्हणाले, काकांना दाखवा, ते साल सांगतात."

"लग्न कधीचं?" काकांनी वही उघडली.

"एकाहत्तर. डिसेंबर. लढाई चालू होती, रात्री दिवे घालवायचे. माझा मामा बोटीवर होता, त्याने बाहेरून आणलेलं. बाबांनी मांडवात यांच्या हातात बांधलं."

काकांनी घड्याळ पालथं केलं. मीही मान पुढे काढली. एव्हाना मलाही थोडं कळायला लागलं होतं. नंबर १ने सुरू होत होता. पुढे 'एन'. नोव्हेंबर. नोव्हेंबरात तयार झालं, डिसेंबरात मांडवात, आजींचं म्हणणं किती चपखल बसत होतं! मग माझी नजर वरच्या आकड्यावर गेली. ७००९. हे मशीन सत्तरचं दशक उतरणीला लागल्यावरचं, असं काकांनीच मला घोकून घेतलं होतं. म्हणजे १ खरा. पण एकाहत्तर नाही. एक्याऐंशी.

मी काकांकडे पाहिलं. आता 'तसं नसतं ते' येणार. मला आत्याचा खाली ठेवलेला मोदक आठवला.

आजी बोलतच होत्या. "एकदा गेलं होतं हो हे. गिरण्यांचा संप सुरू झाला ना मुंबईत, त्या वर्षी. लोकलच्या गर्दीत कुणीतरी मारलं. हे घरी आले ते न जेवताच झोपले. मला म्हणाले, तुझ्या बाबांचं घड्याळ गेलं. पण आठ दिवसांत परत आणलं यांनी. पोलिसांनी शोधून दिलं म्हणाले." त्यांनी घड्याळावरून अंगठा फिरवला. "आधी काचेवर एक चरा होता. परत आलं तेव्हा नव्हता. काच बदलली असेल, म्हणाले. मी म्हटलं, असेल."

खोलीतली चाळीस घड्याळं चालताना ऐकू येत होती. गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ला सुरू झाला, हे काकांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. जपानात नोव्हेंबरात तयार झालेलं घड्याळ तिथून मुंबईच्या बाजारात यायला किती दिवस लागतात, तेही. सगळे कागद समोर होते, सह्या-शिक्क्यांसकट.

"काका, झाकण उघडायचं ना?" मी हळूच चेंडू पुढे सरकवला.

"नको," काका म्हणाले. त्यांनी घड्याळ सुलटं केलं आणि आजींपुढे धरलं. "पहिला आकडा १ आहे. महिना नोव्हेंबर."

"म्हणजे बरोबर?"

"आकडा १ आहे," काका पुन्हा म्हणाले. चष्मा पुसायला घेतला. "नातवाला सांगा, आजोबांनी फार जपलेलं घड्याळ आहे."

आजींनी काकांकडे जरा वेळ पाहिलं. मग डबीत कापूस नीट लावला, घड्याळ ठेवलं आणि डबी मिटली. "तसे होतेच ते," म्हणाल्या. काकूंनी त्यांना हळदकुंकू लावलं.

त्या गेल्यावर मी काही विचारायच्या आतच काका उखडले. "बघतोस काय? मी खोटं बोललो नाही. आकडा १ आहे की नाही?"

"आहे. पण दशक?"

"तिने दशक विचारलं का?" ते टेबलावरचा रुमाल घड्या घालून ठेवू लागले. घडी जमेना, पुन्हा उलगडला. "त्या वेळी बाहेरचं घड्याळ घ्यायचं म्हणजे पगार संपला. आठ दिवसांत कुणाकडून उसने आणले असतील पैसे, कुठे शोधलं असेल! एवढं करून त्या माणसाने जे झाकलं, ते मी उघडायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची. झाकणालाही लागू आहे ते."

काकूंनी आतून सुरी मागितली. काकांनी चक्क उठून, धुऊन, नेऊन दिली.

तेवढ्यात मी वही माझ्याकडे फिरवली. शेवटी माणूस खात्यातला. लाल शाईची ओळ अजून ओली होती. साल: १९८१, नोव्हेंबर. आणि पुढच्या अरुंद रकान्यात, जागा पुरेना म्हणून अक्षर बारीक करत नेलेलं:

'मालकिणीचा जबाब मान्य.'